गुंठाभर परडं आणि उणे एकशे एकतीस

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू गणिताचा विषय सारखा टाळत होतीस. मग तुझ्या बाबाने हळूच सांगितलं की सराव परीक्षेत वर्गसमीकरणाचा एक प्रश्न तू पूर्ण सोडवलास आणि शेवटी आख्खा खोडून टाकलास. का, तर वर्गमूळाच्या चिन्हाखाली उणे संख्या आली. उणे आलं म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलं, असं तुला वाटलं. बाई गं, काही चुकलं नव्हतं. तू उत्तराच्या दारापर्यंत गेलीस आणि दार उघडलं तशी घाबरून मागे पळालीस.

रागावत नाहीये. मला तो हक्कच नाही, कारण १९८४ साली, दहावीत असताना, मी अगदी हेच केलं होतं. आणि तेही पेपरात नाही, घरच्या परड्यात.

गावच्या घरामागे आज जिथे मेथी, वांगी आणि तुझ्या आजीची अळूची पानं दिसतात, तिथे तेव्हा नुसतं गवत होतं. तात्यांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, ठरवलं की इथे भाजी करायची आणि ती पुरती एक गुंठा. 'गुंठ्याच्या आसपास' हे शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. सातबारा वाचत म्हातारा झालेला माणूस. शेजारच्या शेळ्या आत शिरू नयेत म्हणून तालुक्याच्या बाजारातून त्यांनी तारेच्या जाळीचं एक भेंडोळं आणलं. दुकानात उरलेला तुकडा होता, स्वस्तात मिळाला. लांबी १३० फूट.

रविवारी सकाळी मला हाक आली. "दहावीत आहेस ना? मग सांग, लांबी किती धरू, रुंदी किती धरू?"

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर. आयताला चारी बाजूंनी मिळून १३० फूट जाळी लागणार, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून ६५. लांबी क्ष धरली तर रुंदी ६५ − क्ष. दोघांचा गुणाकार १०८९ हवा. मी झोकात मांडलं:

क्ष² − ६५क्ष + १०८९ = ०

अवयव पडेनात, म्हणून सूत्र लावलं. ६५चा वर्ग ४२२५. चार गुणिले १०८९ म्हणजे ४३५६. पहिल्यातून दुसरं वजा केलं आणि उरलं उणे १३१. मी कागद फाडला. नव्या कागदावर पुन्हा उणे १३१. चार वेळा तेच. शेवटी बाहेर जाऊन "येत नाहीये" एवढं म्हटलं आणि खालच्या मानेने उभी राहिले.

तात्या तोवर सुतळी आणि खुंट्या घेऊन कामाला लागले होते. ४० बाय २५ धरलं, १००० भरलं. ३५ बाय ३०, तर १०५०. ३३ बाय ३२, तर १०५६. दर वेळी गुंठा थोडक्यात हुकत होता. दुपारी त्यांनी दुकानदारावर संशय घेतला, जाळी उलगडून पुन्हा मोजली. नेमकी १३० फूट. संध्याकाळी ते माझ्यावर चिडले. खरं तर त्या दिवशी त्या अंगणात खरं बोलणारा एकच होता, फाडलेल्या कागदावरचा उणे १३१.

आता तो काय बोलत होता ते बघ. तुझ्या पुस्तकात विवेचक, म्हणजे वर्गमूळाच्या चिन्हाखालची राशी, सूत्रानंतर येतो, तीन ओळींचा: शून्याहून मोठा असेल तर मुळं वास्तव आणि असमान, शून्य असेल तर वास्तव आणि समान, शून्याहून लहान असेल तर मुळं वास्तव नाहीत. मुलं त्या तीन ओळी पाढ्यासारख्या पाठ करतात आणि दोन गुण घेतात. त्यात वावगं काही नाही, पण विवेचक कुठून आला हे कळल्याशिवाय तो नुसता दारावरचा पहारेकरी वाटतो. कुठून येतो ते दाखवते. आमच्या जुन्या पुस्तकांसारखं अ, ब, क वापरते, चालवून घे.

अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणाला दोन्हीकडे ४अ ने गुण. क ची राशी उजवीकडे ने आणि दोन्हीकडे ब² मिळव. डावीकडे आपोआप पूर्ण वर्ग तयार होतो:

(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अक

हा ४अ चा डाव श्रीधराचार्यांचा. त्यांचं बीजगणित आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथात तो नियम त्यांच्या नावानिशी दिला म्हणून वाचला. वर्ग पूर्ण करायच्या नेहमीच्या पद्धतीत ब/२अ चे अपूर्णांक उरावर बसतात. इथे एकही येत नाही. मला हीच पद्धत आवडते आणि ती शाळेत आधी का शिकवत नाहीत हे मला तीस वर्षं शिकवूनही कळलेलं नाही.

आता डावीकडे बघ. तिथे कशाचा तरी वर्ग आहे. क्ष कुठलीही वास्तव संख्या असो, वर्ग काही शून्याच्या खाली जात नाही. म्हणून उजवी बाजू ऋण आली की गोष्ट तिथेच संपते, तसा क्ष वास्तव संख्यांत नाहीच. शोधून उपयोग नाही आणि कागद फाडून तर मुळीच नाही.

परड्याला हे लावून बघ. (२क्ष − ६५)² = −१३१. हे २क्ष − ६५ म्हणजे काय? क्ष मधून ६५ − क्ष वजा केलं की तेच मिळतं. म्हणजे ती लांबी आणि रुंदी यांच्यातली तफावत आहे! अ एक असताना विवेचक म्हणजे दोन मुळांमधल्या फरकाचा वर्ग. जाळी १४० फूट असती तर बेरीज ७० झाली असती, विवेचक ४९०० − ४३५६ = ५४४ आला असता, आणि लांबी रुंदीपेक्षा साधारण २३ फूट ४ इंचांनी जास्त ठेवावी लागली असती. १३२ फूट असती तर विवेचक शून्य, फरक शून्य, ३३ बाय ३३ चा चोख चौरस. जाळी कमी कमी होत गेली तशी लांबी-रुंदी एकमेकींच्या जवळ आल्या, १३२ ला एकमेकींना भिडल्या. त्याच्या पुढे जवळ यायला जागाच उरली नाही. तात्या दोन फुटांनी हुकले होते.

आणि किती हुकले तेही त्यात आहे. १३० फुटांत जास्तीत जास्त जागा चौरसात मावते, ३२.५ बाय ३२.५, म्हणजे १०५६.२५ चौरस फूट. गुंठ्याला कमी पडतात ३२.७५. तू १३१ ला चारने भाग. तेच आलं ना? दोन खाटा शेजारी शेजारी टाकल्या तर जेवढी जागा लागेल, जेमतेम तेवढी. आलेख काढलास तर हीच गोष्ट डोळ्यांना दिसते. त्या समीकरणाचा अन्वस्त क्ष-अक्षाकडे खाली येतो, त्याच्या ३२.७५ एकक वर थबकतो आणि परत वर जातो. म्हणून मी मुलांना सांगायचे की "मुळं वास्तव नाहीत" एवढं लिहून पेन खाली ठेवू नका, शाब्दिक उदाहरण असेल तर किती कमी पडलं तेही बघा. परीक्षेत त्याला जास्तीचा गुण नाही. मी मात्र असं लिहिणाऱ्या पोरांचे पेपर लक्षात ठेवायचे.

तुला वानरं आवडतात म्हणून आता भास्कराचार्य. चाळीसगावजवळ पाटणादेवीला आपण गेलो होतो, आठवतं? तिथल्या पाटण गावातला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, त्याची नोंद त्या लेखात आहे. तू तेव्हा तिथे फक्त माकडांना चणे घालत होतीस. पण त्या आजोबांच्या 'बीजगणिता'तही वानरं आहेत. ग्रंथ सुमारे ११५० चा. उदाहरण असं: एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जेवढी वानरं येतात तेवढी रानात खेळतायत, आणि उरलेली १२ टेकडीवर बसलीत, तर कळपात किती? मांडलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येतं आणि मुळं मिळतात १६ आणि ४८. दोन्ही चालतात. सोळाच्या कळपात ४ रानात आणि १२ टेकडीवर, अठ्ठेचाळिसात ३६ रानात आणि १२ टेकडीवर.

इथवर भास्कराचार्यांचं. पुढचा खोडसाळपणा माझा. टेकडीवरची वानरं वाढवत ने. १५ केलीस तर कळप २४ चा किंवा ४० चा. १६ केलीस तर एकच उत्तर, ३२. सतरावं वानर टेकडीवर चढलं की? क्ष² − ६४क्ष + १०८८ = ०, आणि विवेचक ४०९६ − ४३५२ = −२५६. असा कळपच नाही. एका वानराने आख्खा कळप नाहीसा केला! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करायची.

भास्कराचार्यांनी त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला स्पष्ट म्हटलंय की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नसते. त्यांच्याआधी तीनशे वर्षं महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त हेच सांगितलं होतं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. त्याहीआधी नवव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने एका प्रकारच्या वर्गसमीकरणाबद्दल लिहिलं की निम्म्या सहगुणकाचा वर्ग सुट्या संख्येपेक्षा लहान असेल तर ते उदाहरण अशक्य समजावं. म्हणजे ही परीक्षा फार जुनी आहे. तिला मिळालेलं इंग्रजी नाव मात्र १८५१ चं, सिल्व्हेस्टरने दिलेलं. 'विवेचक' त्याचाच मराठी अवतार.

आता थोडं मास्तरकीचं. सूत्राला हात लावण्याआधी समीकरण सामान्य रूपात आण, उजवीकडे शून्य. मग नुसतं बघ. अ आणि क यांची चिन्हं वेगळी असतील तर −४अक धन होतो, त्यात ब² ची भर, म्हणजे मुळं वास्तवच. तिथे विवेचक ऋण आला तर मग तुझी चूक आहे, खुशाल खोड. अ आणि क एकाच चिन्हाचे असतील तरच धोका, आणि तोही ब लहान असेल तर. क्ष² + क्ष + १ बघितलं की विवेचक −३ हे तोंडी यायला हवं. ब = −६५ असताना वर्गाला उणे ४२२५ लिहिणारी मुलं मी दर वर्षी पाहिली. त्यातली निम्मी हुशार होती. हिशोबयंत्रात कंस न घालता वर्ग केला की यंत्रसुद्धा तेच करतं. आणि एक नेहमीचा सापळा: क्ष² + मक्ष + ९ = ० ची मुळं वास्तव नसण्यासाठी म किती हवा? म² हा ३६ पेक्षा लहान हवा. इथे मुलं "म ६ पेक्षा लहान" लिहून मोकळी होतात. मग म = −१० घेऊन बघ म्हटलं की गप्प बसतात, कारण तिथे १ आणि ९ अशी चक्क दोन मुळं निघतात. म हा −६ आणि ६ यांच्या मध्ये हवा.

"मुळं नाहीत" असं मात्र लिहू नकोस. "मुळं वास्तव नाहीत" लिही. त्या एका शब्दाच्या मागे मोठी भानगड आहे. १५४५ मध्ये इटलीत कार्दानोने 'आर्स मॅग्ना' या ग्रंथात प्रश्न घेतला: १० चे असे दोन भाग करा की गुणाकार ४० येईल. तात्यांच्या परड्याचाच भाऊ. दहाच्या दोन भागांचा गुणाकार फार तर २५ होतो, १५ कमी पडतात. कार्दानो म्हणाला, अशक्य आहे, पण तरी पुढे जाऊ. त्याने ५ अधिक उणे पंधराचं वर्गमूळ आणि ५ वजा उणे पंधराचं वर्गमूळ असे दोन भाग मांडले, गुणले, तर २५ + १५ म्हणजे बरोबर ४०! वर हे सगळं सूक्ष्म आहे पण निरुपयोगी आहे असा शेरा मारून तो मोकळा झाला. १५७२ मध्ये बोम्बेल्लीने दाखवलं की एका घनसमीकरणाचं साधंसुधं उत्तर ४ आहे, पण सूत्राने तिथे पोचायची वाट उणे १२१ च्या वर्गमूळातून जाते. पुढे त्याच्या संमिश्र संख्या झाल्या. त्या तुला अकरावीत भेटतील. तात्यांना त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण संमिश्र लांबीची जाळी बाजारात मिळत नाही.

मग परड्याचं काय झालं?

रविवारी रात्री सगळे तोंड फुगवून जेवत होते. तुझी आजी वाढता वाढता म्हणाली, "घराची मागची भिंत काय शेळ्या खातात होय? तिथे कशाला जाळी?" तात्यांचा घास हातातच राहिला. मी जेवण टाकून वही आणली. एक बाजू भिंत, म्हणजे जाळी तीनच बाजूंना. भिंतीपासून बाहेर क्ष फूट, तर भिंतीलगत १३० − २क्ष. आता समीकरण २क्ष² − १३०क्ष + १०८९ = ०, विवेचक १६९०० − ८७१२ = ८१८८. धन! एक उत्तर बाहेर सुमारे ९.९ फूट आणि भिंतीलगत ११० फूट. आपल्या घराची मागची भिंत तीस फुटांची, म्हणून ते गेलं. दुसरं बाहेर ५५.१ आणि भिंतीलगत १९.८. ते बसलं. भास्कराचार्यांच्या दुसऱ्या एका वानरांच्या उदाहरणातही ५० आणि ५ अशी दोन मुळं येतात. पाच घेतले तर गुहेत शिरणाऱ्या वानरांचा हिशोब वर्ग करण्याआधी उणे दोनावर येतो, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. आमचं ११० फुटांचं मूळ तसंच गेलं.

पुढे शिक्षिका झाल्यावर एकदा माझ्या ध्यानात आलं की भिंतही लागली नसती. १३० फूट जाळी गोल लावली असती तर आत सुमारे १३४५ चौरस फूट जागा आली असती, गुंठ्याहून कितीतरी जास्त. विवेचकाने फक्त चारी बाजूंनी जाळी लावलेल्या आयताला नकार दिला होता. वर्तुळाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं. हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते पंचाहत्तरीचे होते. म्हणाले, "गोल खळं असतं, परडं नाही," आणि पेपरात तोंड घातलं.

हे लिहितेय ती ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून, म्हणून आणखी एकच, मग थांबते. झोपाळ्याच्या गतीचं गणित मांडलं की त्याच्या पोटात एक वर्गसमीकरण निघतं. अ च्या जागी वस्तुमान, ब च्या जागी कड्यांचं घर्षण आणि हवेचा विरोध, क च्या जागी मधल्या जागेकडे परत ओढणारा जोर. विरोध थोडा असतो, म्हणून विवेचक ऋण येतो आणि झोपाळा मागेपुढे झुलतो. विरोध भरपूर असता, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या काचेच्या दाराला वर लावलेल्या तेलाच्या यंत्रासारखा, तर विवेचक धन आला असता. मग सोडलेला झोपाळा त्या दारासारखाच गुपचूप मधे येऊन थांबला असता. मी झुलतेय, म्हणजे इथे मुळं वास्तव नाहीत.

दिवाळीत येशील तेव्हा मोजायची टेप घेऊन परड्यात जाऊ. भिंतीलगत एकोणीस फूट नऊ इंच भरतं का ते तूच मोज. खुंट्या गंजल्यात, पण जागच्या हललेल्या नाहीत. आणि तो खोडलेला पेपर टाकून देऊ नकोस, घेऊन ये. खोडलेलं वाचायची मला सवय आहे.

तुझी,
आत्या